दोनशे ग्रॅम काजू म्हणजे किती वाट्या?

दिवाळी तोंडावर आली की हा प्रश्न घरोघरी निघतो. काजूकतलीची कृती मोबाइलवर असते आणि तिच्यात वजने ग्रॅममध्ये दिलेली असतात. ओट्यावर तराजू नसतो, स्टीलच्या वाट्या मात्र डझनभर असतात. कधी प्रश्न उलट्या बाजूने येतो. सासूबाईंच्या वहीत ‘दोन वाट्या दाणे’ एवढेच लिहिलेले असते आणि दुकानदार विचारतो, पाव किलो देऊ की अर्धा? न्यू जर्सीला राहणाऱ्या नणंदेने ब्राउनीची कृती पाठवली तर तिच्यात ‘एक कप अक्रोड’ असतो, आणि तो कप चहाचा नसतो.

उत्तर एका आकड्यात मिळेल अशी सगळ्यांची अपेक्षा असते, आणि ती चुकीचीही नाही. पाण्यासाठी असा आकडा आहे: १०० मिलिलिटर म्हणजे १०० ग्रॅम. दुधासाठी, तेलासाठीही जवळपास तसेच जमते. काजू-बदामांपाशी मात्र आकडा अडखळतो. त्याच वाटीत त्याच बदामांचे वजन कधी ६० ग्रॅम भरते, तर कधी ४०. बदाम बदललेला नसतो, त्याचा आकार बदललेला असतो. त्यामुळे वजनाचे वाट्यांत रूपांतर करताना ‘कोणता सुकामेवा?’ याच्याइतकाच ‘कोणत्या रूपातला?’ हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

१. वाटी नेमकी केवढी?

आधी भांड्याचे बघू. महाराष्ट्रात धान्य मापाने मोजण्याची रीत जुनी आहे. दोन निळव्यांचे एक कोळवे, दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. गंमत अशी की शेर वजनाचाही होता. तो ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमचा. मापी शेरभर तांदूळ आणि मापी शेरभर शेंगदाणे वजनाला सारखे भरत नाहीत, हे धान्य मापणाऱ्या बाईला कुणी शिकवावे लागत नसे. १९५६ च्या कायद्यानंतर टप्प्याटप्प्याने मेट्रिक वजने आली आणि दुकान ग्रॅम-किलोवर गेले. स्वयंपाकघर मात्र वाटीवरच राहिले. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने घरोघरी जी प्रमाणे नेली, तीही वाटी-चमच्याचीच.

वाटीला सरकारी शिक्का नाही. आमटीची वाटी, श्रीखंडाची वाटी आणि बाळाची वाटी यांत दुपटीचा फरक सहज पडतो. कपाला शिक्का आहे, पण एकच नाही. अमेरिकेतला कप २३७ मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियातला २५० चा आणि जपानमधला २०० चा. ऑस्ट्रेलियात मोठा चमचाही २० मिलिलिटरचा असतो, बाकी बहुतेक ठिकाणी १५ चा.

कपाने आणि चमच्याने, तेही काठाशी सपाट करून मोजण्याची सवय अमेरिकेला लागली ती मुख्यतः फॅनी फार्मर या बोस्टनच्या शिक्षिकेमुळे. तिचे पाककृतींचे पुस्तक १८९६ साली निघाले. त्याआधीच्या कृतींत ‘लोण्याचा अक्रोडाएवढा गोळा’ अशीही मापे असत. तिने सपाट मापाचा आग्रह धरला, कारण शिगोशीग भरलेला चमचा प्रत्येकाच्या हाताने निराळा भरतो. सुक्यामेव्याच्या बाबतीत हे फार खरे आहे. काठाच्या वर उभे राहिलेले आठ-दहा काजू लहान वाटीत चांगलेच जाणवतात.

आपली वाटी किती मिलिलिटरची, हे एकदा काढून ठेवावे. एक लिटरची बाटली पाण्याने भरून घ्यायची आणि ती वाटीने मोजत रिकामी करायची. साडेसहा वाट्या भरल्या तर १००० भागिले ६.५, म्हणजे वाटी सुमारे १५४ मिलिलिटरची. पुढच्या सगळ्या उदाहरणांत हिशोब सोपा राहावा म्हणून वाटी १५० मिलिलिटरची धरली आहे.

२. भरलेल्या वाटीतली रिकामी जागा

वाटी बदामांनी काठोकाठ भरली, तरी तिच्यात पाणी ओतता येतेच. बदामांच्या मधल्या फटींत ते जाऊन बसते. म्हणजे वाटी भरलेली दिसत असली तरी तिचा बराच भाग हवेने व्यापलेला असतो.

किती भाग? हे काढायला प्रयोगशाळा लागत नाही, पीनट बटर पुरते. अमेरिकेच्या कृषी खात्याने खाद्यपदार्थांचे जे तक्ते केले आहेत, त्यांत एक कप कच्च्या शेंगदाण्यांचे वजन १४६ ग्रॅम दिले आहे आणि एक कप पीनट बटरचे २५८ ग्रॅम. पीनट बटर म्हणजे फटी मोडून काढलेले शेंगदाणे. १४६ ला २५८ ने भागले की ०.५७ येते. अर्थात, अख्ख्या दाण्यांनी भरलेल्या कपात दाणे सुमारे ५७ टक्के आणि हवा ४३ टक्के. बदामाचेही असेच. अख्खे बदाम कपाला १४३ ग्रॅम, बदामाचे बटर २५०. भागाकार पुन्हा ०.५७.

दोन अगदी वेगळ्या दाण्यांचे उत्तर एकच यावे, यात थोडा योगायोग आहे आणि थोडी भूमिती. एकसारखे गोळे नीट रचून ठेवले तर जास्तीत जास्त ७४ टक्के जागा भरते, असा अंदाज योहानेस केप्लरने १६११ मध्ये मांडला होता. तो सिद्ध व्हायला विसाव्या शतकाची अखेर उजाडली. पण वाटीत कुणी दाणे रचत नाही, ओततो. नुसते ओतून, हलवून बसवलेले गोळे ६४ टक्क्यांच्या पुढे सहसा जात नाहीत. चपट्या-लांबट आकाराचे दाणे याहून दाट बसू शकतात, हे २००४ मध्ये प्रिन्स्टनच्या संशोधकांनी दाखवले, आणि त्यासाठी त्यांनी एम अँड एम्सच्या चॉकलेटच्या गोळ्या वापरल्या होत्या.

मग बदाम त्या गोळ्यांइतके दाट का बसत नाहीत? बदाम गुळगुळीत नसतो. त्याची साल खरखरीत असते, त्यामुळे एकावर एक बदाम अडकून राहतात आणि घसरून फटीत उतरत नाहीत. शिवाय वाटी लहान असते. भांड्याच्या भिंतीला लागून दाण्यांना नीट बसता येत नाही, तिथे जास्त जागा मोकळी राहते. वाटी जितकी लहान आणि दाणा जितका मोठा, तितकी ही अडचण वाढते. म्हणून अर्धे अक्रोड चार वेळा पाव कपाने मोजले तर ते एका कपाइतके भरतीलच असे नाही, थोडे कमीच भरतात.

इथे बरणीचाही एक चावटपणा सांगायला हवा. मिश्र सुक्यामेव्याची बरणी हलवली की मोठे दाणे वर येतात आणि चुरा तळाशी जातो. मोठा दाणा हलला की त्याच्याखाली बारीक कण घुसतात आणि त्याला परत खाली बसू देत नाहीत. भौतिकशास्त्रज्ञ याला ब्राझील नटचा परिणाम म्हणतात आणि १९८७ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’ या मान्यवर नियतकालिकात त्यावर एक निबंधही आला. स्वयंपाकापुरता त्याचा अर्थ इतकाच, की बरणीच्या वरून घेतलेली वाटी आणि तळातून काढलेली वाटी वजनाला सारखी नसते. मोजण्याआधी बरणीत हात घालून मेवा वरखाली करावा.

३. चिरले, कापले, कुटले की काय होते?

आता खरी गंमत. अमेरिकी तक्त्यात अक्रोडाचे तीन आकडे आहेत. एक कप अर्धे अक्रोड १०० ग्रॅम, चिरलेले ११७ ग्रॅम आणि दळलेले ८०. चिरल्यावर वजन वाढले, आणि आणखी बारीक केल्यावर एकदम घटले.

रस्त्याकडेला बांधकामासाठी पडलेली खडी डोळ्यांसमोर आणावी. खडी ब्रासने मोजतात. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. नुसत्या खडीच्या ढिगात दगडांमध्ये भरपूर फटी असतात. त्याच ढिगावर वाळू टाकली तर बरीचशी वाळू या फटींत जिरते, ढीग फारसा वाढत नाही आणि वजन मात्र वाढते. चिरलेल्या अक्रोडात मोठे तुकडे, छोटे तुकडे आणि चुरा असे सगळेच असते. चुरा फटींत बसतो. अर्धा अक्रोड मुळातच वाकडातिकडा, फटींनी भरलेला, त्यामुळे चिरल्याने त्याचा फायदाच होतो.

बदामाची सुरुवातच चांगली असल्याने त्याचे उलट होते. अख्खे बदाम कपाला १४३ ग्रॅम, उभ्या काड्या केल्या की १०८, पातळ काप केले की ९२. काप एकमेकांवर आडवेतिडवे पडतात आणि त्यांच्यामध्ये पोकळ्या राहतात. केशरी भातावर किंवा बासुंदीवर घालायचे काप वाटीभर दिसले, तरी बदाम त्यात थोडेच असतात.

दळल्यावर काय होते? बदामाची पूड कपाला ९५ ग्रॅम भरते, हेझलनटची तर फक्त ७५, आणि तेच अख्खे हेझलनट १३५. एवढे बारीक कण फटींत जाऊन बसायला हवेत, पण तसे होत नाही. कण इतके हलके असतात की त्यांचे स्वतःचे वजन त्यांना खाली ढकलायला पुरत नाही, आणि सुटलेल्या तेलामुळे ते एकमेकांना चिकटतात. त्यांच्या छोट्या-छोट्या कमानी तयार होतात आणि त्यांत हवा अडकते. वाटी ओट्यावर दोनदा आपटली की पूड खाली बसते, चमच्याने दाबली की आणखी बसते. अख्ख्या दाण्यांची वाटी कितीही दाबली तरी फारसा फरक पडत नाही. म्हणून वाटीने मोजण्यात सर्वांत बेभरवशाची वस्तू म्हणजे पूड आणि कूट.

याच कारणाने ‘एक वाटी दाण्याचे कूट’ आणि ‘एक वाटी दाणे कुटून’ या दोन सूचना निराळ्या आहेत. पहिलीत आधी कुटायचे आणि मग मोजायचे, दुसरीत आधी मोजायचे. कृती लिहिणाऱ्यांनी हे एकदा स्पष्ट करायला काही हरकत नाही, पण फार थोडे जण करतात.

४. साठ, पन्नास, चाळीस

एवढे समजले की लांबलचक तक्ता पाठ करायची गरज उरत नाही. १०० मिलिलिटर जागेत अख्खा, भरीव मेवा साधारण ६० ग्रॅम मावतो, चिरलेला ५० आणि काप किंवा सैल पूड ४०. शेंगदाणे ६२, बदाम ६०, काजू ५८. चिरलेले अक्रोड आणि चिरलेले हेझलनट ४९. बदामाचे काप ३९, पूड ४०. म्हणजे अंदाज दोन-चार ग्रॅमच्या आत बसतो. बदामाच्या काड्या कापांहून थोड्या जड, ४६ च्या घरात.

अपवादही लक्षात ठेवावेत. अर्धे अक्रोड अख्ख्यांच्या रांगेत बसत नाहीत, ते ४२ च भरतात. अमेरिकेतले अर्धे पिकनही तेवढेच. सोललेले पिस्ते ५२. अक्रोडाची आणि हेझलनटची पूड चाळीसही भरत नाही.

मग दोनशे ग्रॅम काजू? २०० भागिले ०.५८, म्हणजे ३४५ मिलिलिटर. दीडशेच्या वाटीने सव्वादोन वाट्या आणि वर दोन-तीन काजू. नणंदेच्या ब्राउनीतला एक कप चिरलेला अक्रोड म्हणजे ११७ ग्रॅम, आपल्या वाटीने दीड वाटी आणि वर मोठा चमचाभर. घरात कूट जाडसर करतात की बारीक, यावर त्याचा आकडा हलतो. जाडसर असेल तर पन्नासकडे झुकतो, बारीक आणि सैल असेल तर चाळीसकडे. सासूबाईंचे ‘दोन वाट्या दाणे’ सरळ आहेत: ३०० मिलिलिटर, १८५ ग्रॅम. पाव किलो आणावेत, उरलेले चिवड्यात जातील.

५. काजूकतलीचा हिशोब

साबुदाण्याच्या खिचडीत कूट दोन चमचे इकडे-तिकडे झाले तर कुणाला कळतही नाही. भरल्या वांग्यांचे, कोशिंबिरीचे तसेच. तिथे तराजू काढणे म्हणजे उगाच कारभार. काजूकतलीचे तसे नाही. तिथे साखर आणि काजू यांच्या प्रमाणावर वडी मऊ राहते की दगड होते ते ठरते.

घरोघरी चालणारे प्रमाण असते दोन वाट्या काजू आणि एक वाटी साखर. ऐकणाऱ्याला वाटते, साखर काजूच्या निम्मी. वाटीने निम्मी, हे खरे. पण साखरेचे दाणे बारीक, भरीव आणि कोरडे असल्याने ती वाटीत छान दाट बसते, १०० मिलिलिटरला सुमारे ८५ ग्रॅम. दोन वाट्या अख्खे काजू म्हणजे १७४ ग्रॅम आणि एक वाटी साखर म्हणजे १२७. वजनाने साखर निम्मी नाही, जवळजवळ पाऊणपट आहे.

आता हीच कृती कुणी ‘दोन वाट्या काजूची पूड’ अशी वाचली तर? सैल भरलेली पूड दोन वाट्या म्हणजे १२० ग्रॅमच्या आसपास. साखर तीच १२७. काजूहून साखर जास्त झाली. कतली गोडमिट्ट होते, थापताना कडक होते, आणि दोष जातो पाकाला. उलट, वजनाने दोनास एक असे लिहिलेली मिठाईवाल्याची कृती वाट्यांत करायची, तर दोन वाट्या अख्ख्या काजूंना साखर ८७ ग्रॅम लागेल, म्हणजे पाऊण वाटीहूनही थोडी कमी.

फ्रेंच माकारों बनवणारे तर बदामाची पूड ग्रॅमखेरीज मोजायला तयारच नसतात. पुडीचा सैलपणा बघता त्यांना दोष देता येत नाही.

जुन्या बायकांचे वाटीचे प्रमाण मग चालत कसे होते? वाटी केवढीही असली तरी काजूला आणि साखरेला तीच वाटी वापरली, तर दोघांचे एकमेकांशी प्रमाण बदलत नाही. बाळाच्या वाटीने केली तर कतली कमी होते, बिघडत नाही. बिघडते ती वाटी मध्येच बदलली, किंवा काजूचे रूप बदलले तर.

६. नग मोजणाऱ्या कृती

‘दहा-बारा बदाम’, ‘पंचवीस काजू’ असे सांगणाऱ्या कृतींची एक वेगळीच तऱ्हा. बदामात फार चूक होत नाही. मध्यम आकाराचे २३ बदाम म्हणजे २८ ग्रॅम, हा अमेरिकेतला प्रचलित हिशोब आहे. त्याने एक बदाम सव्वा ग्रॅमच्या आसपास.

काजूचे मात्र आकार फार. वेंगुर्ल्याच्या किंवा चंदगडच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या अख्ख्या काजूवर डब्ल्यू-१८०, डब्ल्यू-२४०, डब्ल्यू-३२० अशा प्रती लिहिलेल्या असतात. हा आकडा म्हणजे एका पौंडात, ४५४ ग्रॅममध्ये, जास्तीत जास्त किती काजू बसतात ती संख्या. आकडा मोठा तर काजू लहान. डब्ल्यू-३२० चा एक काजू सुमारे १.४ ग्रॅमचा, डब्ल्यू-१८० चा अडीच ग्रॅमचा. ‘पंचवीस काजू’ डब्ल्यू-३२० चे घेतले तर ३५ ग्रॅम, डब्ल्यू-१८० चे घेतले तर ६३. शाही ग्रेव्हीची कृती लिहिणाऱ्याकडे कोणते काजू होते, हे वाचणाऱ्याला कळायला मार्ग नाही. वाटण करायचे असेल तर अख्खा काजू घेण्यात शहाणपणही नाही. पाकळी किंवा तुकडा घ्यावा, वजन करून घ्यावा, आणि पैसे वाचवावेत.

७. टरफल, साल आणि पाणी

बाजारातून आणलेले वजन आणि पदार्थात पडणारे वजन यांत आणखी काही गळती होते. सगळ्यांत मोठी टरफलाची. कवचासकट एक कप अक्रोड, म्हणजे सातएक अक्रोड, फोडले तर गर निघतो फक्त २८ ग्रॅम. काश्मीरहून आलेले कवचाचे अक्रोड घेणाऱ्याने वजन निम्म्याहून कमी होईल असेच धरून चालावे. खारे पिस्तेही टरफल काढल्यावर साधारण निम्मे उरतात. भुईमुगाच्या वाळक्या शेंगांत टरफल पाव भागाहून थोडे अधिक.

शेंगदाणे भाजले की त्यांतले पाणी उडते. कच्च्या दाण्यात पाणी साडेसहा टक्के असते, खमंग भाजलेल्यात दोन टक्क्यांच्या खाली जाते. वर पाखडून साले काढली की शंभर ग्रॅमचे नव्वद-ब्याण्णव ग्रॅम हातात येतात. वाटी मात्र जवळपास तितकीच भरलेली दिसते, कारण दाणा फारसा आकसत नाही. भिजवलेल्या बदामांचे उलट. ते पाणी पिऊन फुगतात, वजनही वाढते आणि आकारही. बदामाच्या हलव्यासाठी बदाम भिजवण्याआधी मोजावेत, नंतर मोजले तर पाण्यालाच बदाम समजून साखर घातली जाते.

हे सगळे वाचून कुणी तराजू घेतलाच, तर त्याचा वापर मोठ्या मापांसाठी करावा. घरगुती डिजिटल काटे बहुधा एक-एक ग्रॅमने पुढे सरकतात. मोठा चमचाभर बदामाची पूड म्हणजे सहा ग्रॅम, चहाचा चमचाभर म्हणजे दोन. एवढ्याशा वजनाला काट्याची एका ग्रॅमची चूकही मोठी ठरते. तिथे सपाट भरलेला चमचाच घ्यावा.